आखाजी ते आखाजी : राखेचे आणि खाणीच्या गाळाचे थर उपग्रहाच्या रडारवर कसे वाचावेत

यावल तालुक्यातल्या, भूगोलात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे : "खाणीतून निघणारा टाकाऊ गाळ वर्षानुवर्षं कुठे आणि किती साचत गेला, हे सेंटिनल-१ या युरोपीय उपग्रहाच्या रडार प्रतिमांवरून काढता येतं का? आपल्याकडे खाण नाही, म्हणून सरावाला भुसावळजवळच्या दीपनगरच्या औष्णिक केंद्राचं वेल्हाळ्याजवळचं राखेचं तळं घेतलं आहे. पण इंटरफेरोग्राम काढला की तळ्याच्या जागी नुसता गोंगाट दिसतो. माझं काय चुकतंय? आणि बांध फुटायच्या आधी रडारवर कळतं का?"

जागेची निवड चांगली केलीत. खान्देश मुख्यतः बेसॉल्टचा, इथे दगडखाणी आणि खडीचे क्रशर आहेत, धातूची खाण नाही. पण औष्णिक केंद्राची राख आणि तांब्या-लोखंडाच्या खाणीचा बारीक गाळ, ज्याला खाणीवर टेलिंग्ज म्हणतात, या दोघांची वागणूक बरीच सारखी आहे. दोन्ही पाण्यात कालवून पाइपने आणतात आणि बांधाच्या आत सोडतात. जाड कण पाइपच्या तोंडाशी बसतात, बारीक कण लांब वाहत जातात आणि पाणी शेवटी एका कोपऱ्यात साचतं. तळं भरत आलं की बांध आणखी चढवतात. उद्या तुम्ही बालाघाट जिल्ह्यात मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीवर कामाला गेलात, तर वेल्हाळ्याला शिकलेलं बरंचसं तिथे उपयोगी पडेल.

आता गोंगाटाचं. तुमचं काही चुकलेलं नाही. तो गोंगाट हीच तुमच्या हाती आलेली पहिली खरी माहिती आहे, फक्त ती वेगळ्या प्रश्नाचं उत्तर देते.

रडार जमिनीवरून परतलेल्या लहरीच्या दोन गोष्टी नोंदवतं. लहर किती जोराने परतली ही एक, आणि आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर परतली ही दुसरी. दुसरीला फेज म्हणतात, शाळेच्या पुस्तकातली कला. सेंटिनल-१ ची लहर साधारण ५.६ सेंटिमीटरची आहे. दोन तारखांच्या फेजची वजाबाकी म्हणजेच तुमचा इंटरफेरोग्राम. त्यात जमीन उपग्रहाच्या दिशेने २.८ सेंटिमीटर सरकल्यावर रंगांचं एक पूर्ण चक्र उमटतं. पण त्या पिक्सेलमधले खडे, ढेकळं, दगड दोन्ही तारखांना होते तिथेच असले पाहिजेत, तरच ही वजाबाकी चालते. बारा दिवसांत, म्हणजे उपग्रहाच्या दोन फेऱ्यांमध्ये, तिथे वीतभर राख पडली, की आधीची जमीन रडारच्या लेखी संपली. मग वजाबाकी कशातून कशाची करणार? शेजारच्या दोन पिक्सेलमध्ये दोन फेऱ्यांदरम्यान सुमारे १.४ सेंटिमीटरहून जास्त फरक पडला, तरीही चक्रांची मोजणी फसते. राखेचा थर किती चढला हे या पद्धतीने कधीच मोजता येणार नाही. ही पद्धत सावकाश खचणाऱ्या, वरून न छेडलेल्या पृष्ठभागासाठी आहे. नव्या मुलांचे सहा-सहा महिने मी इथे वाया जाताना पाहिले आहेत. इंटरफेरोग्राम रंगीत दिसतो, प्रबंधात छान छापला जातो, म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात.

तुम्ही सुरुवात करा कोहेरन्सपासून. दोन तारखांच्या लहरी एकमेकींशी किती जुळतात याचं हे माप, शून्य ते एक. उघडी, न हललेली जमीन भरपूर जुळते. पाणी कधीच जुळत नाही, दाट पीक फारसं जुळत नाही, आणि ज्या जागी नवा थर पडला किंवा यंत्राने माल हलवला तीही जुळत नाही. प्रत्येक बारा दिवसांच्या जोडीतून असा एक नकाशा काढलात आणि वर्षभराचे नकाशे ओळीने लावलेत, की तळ्याचा कोणता भाग कधी कामात होता आणि कोणता कधी स्वस्थ पडून होता हे डोळ्यांसमोर येतं. पाइपचं तोंड एका बाजूकडून दुसरीकडे हलवलं की जुनी बाजू पुन्हा जुळू लागून दोन-तीन फेऱ्यांत नकाशावर उजळते आणि नवी काळवंडते. राख साचण्याचा हा इतिहास कुठल्याही कार्यालयाच्या कागदावाचून तुम्हाला वाचता येतो. मला स्वतःला या सगळ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

यासाठी फेजसकट असलेला मूळ डेटा लागतो. गुगल अर्थ इंजिनवर सेंटिनल-१ ची फक्त तीव्रता, म्हणजे लहरीचा जोर, मिळते, कोहेरन्स तिथे निघणार नाही. संगणक जुना असेल तर अलास्का सॅटेलाइट फॅसिलिटीकडे जोड्या मागवा, त्या मोफत तयार करून देतात. संगणक बरा असेल तर युरोपीय अवकाश संस्थेचं स्नॅप हे सॉफ्टवेअर वापरा. प्रत्येक वेळी एकाच कक्षेच्या, एकाच दिशेच्या फेऱ्या घ्या. सेंटिनल-१ए हा उपग्रह एप्रिल २०१४ मध्ये अवकाशात गेला, १बी एप्रिल २०१६ मध्ये, आणि १बी डिसेंबर २०२१ मध्ये बंद पडला. तेव्हा मधल्या वर्षांत फेऱ्यांची संख्या सारखी नसणार. आधी कागदावर तारखा मांडा आणि मगच पद्धत ठरवा.

आकडे वाचताना एक खबरदारी. छोट्या खिडकीत, म्हणजे थोड्याच पिक्सेलवरून, काढलेला कोहेरन्स फुगलेला येतो, भर पाण्यावरही ०.२ किंवा ०.३ दिसतो. म्हणून परदेशी लेखातला उंबरठा उचलून आणू नका. तुमच्याच प्रतिमेत हतनूर धरणाच्या पाण्यावर किती येतो ते पाहा, तो तुमचा तळ. भुसावळच्या रेल्वे यार्डातल्या छपरांवर आणि जुन्या पक्क्या इमारतींवर किती येतो ते पाहा, तो तुमचा माथा. राखेचं तळं या दोघांच्या मध्ये कुठे बसतं ते प्रत्येक जोडीत तपासा.

आता खान्देशाचं. मी सगळ्यात जास्त चुका इथेच केल्या आणि शिकलोही इथेच.

आपल्या मातीत वर्षभर काही ना काही चाललेलं असतं. मृगाचा पाऊस पडला की काळी माती पाणी पिऊन फुगते, हिवाळा सरताना भेगाळते. या फुगण्या-आकसण्याचा हिशेब सेंटिमीटरमध्ये होतो आणि रडारला तो स्पष्ट कळतो. कपाशी जूनमध्ये लावली की वेचणी संपेपर्यंत त्या शेताचा कोहेरन्स गेलेला असतो. केळीचं तर वेगळंच. मृगबाग आणि कांदेबाग अशा दोन हंगामांत लावलेल्या बागा शेजारीशेजारी असतात, एक कापणीला आलेली आणि दुसरी गुडघाभर. केळीची रुंद पानं या लहरीला वरच्यावर अडवतात, खालची जमीन दिसतच नाही. रावेर-यावलच्या पट्ट्यात तुम्ही "बदल" म्हणून जे दाखवाल त्यातला बराचसा भाग बागा कापण्याचा आणि लावण्याचा असेल.

म्हणून माझा नियम असा, की आखाजीपासून, म्हणजे अक्षय तृतीयेपासून, मृगापर्यंतच्या प्रतिमा आधी घ्याव्यात. रब्बी निघालेली असते, शेतं नांगरून तापत पडलेली असतात, ओलावा नसतो. माणसाला भुसावळचा मे महिना सोसवत नाही, पण रडारसाठी तो वर्षातला सर्वांत स्वच्छ काळ. एका आखाजीची तुलना पुढच्या आखाजीशी करा. मातीचा, पिकाचा, पावसाचा बहुतेक गोंधळ आपोआप बाजूला होतो आणि जे उरतं ते माणसाने टाकलेलं किंवा उचललेलं असतं. हा पाया पक्का झाला की मग पावसाळ्यात शिरा. रडार ढगांतून पाहतं हा त्याचा मोठा गुण, पण पावसाळी प्रतिमेचा अर्थ लावणं उन्हाळीपेक्षा दुप्पट कठीण. पापुआ न्यू गिनीतल्या बूगनव्हिल बेटावरच्या पांगुना खाणीसारख्या ठिकाणी इलाजच नसतो. ती तांब्याची खाण १९७२ ते १९८९ चालली, एक अब्ज टनांहून जास्त टाकाऊ माल जाबा आणि कावेरोंग नद्यांत गेला, आणि आकाश तिथे वर्षभर ढगाळ. आपल्याला वर्षातून दीड महिना कोरडा मिळतो, तो वापरून घ्यावा.

परतलेल्या लहरीच्या जोराबद्दल, म्हणजे बॅकस्कॅटरबद्दल, एक प्रसंग सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत एका राखेच्या तळ्यावर मी एप्रिलच्या प्रतिमेत मोठा काळा डाग पाहिला. पाणी समजून त्याचं क्षेत्रफळ काढलं आणि अहवालात लिहूनही टाकलं. नंतर जागेवर गेलो, तर तिथे पाण्याचा थेंब नव्हता. बारीक राख सुकून पाटीसारखी सपाट झाली होती. पृष्ठभागाचे चढउतार काही मिलिमीटरांपुरतेच असले, की सेंटिनल-१ ची लहर आरशावरून उडावी तशी पलीकडे निघून जाते आणि जमीन पाण्याइतकीच काळी दिसते. अहवाल मागे घ्यावा लागला, आणि ते योग्यच झालं, कारण तळ्यात पाणी किती यावरच बांधाच्या सुरक्षिततेचा विचार होतो. तेव्हापासून मी तीव्रता आणि कोहेरन्स नेहमी जोडीने वाचतो. काळं आणि न जुळणारं असेल तर बहुधा पाणी. काळं पण जुळणारं असेल तर सुकलेली, शांत राख. मध्यम उजळ आणि न जुळणारं असेल तर तिथे काम चालू आहे. नुकताच पडलेला ओला थर जरा खडबडीत असेल तर चांगलाच उजळतो, कारण ओलाव्याने लहर जोरात परतते. या जोडवाचनालाही अपवाद निघतात, म्हणून ढगविरहित दिवसाची सेंटिनल-२ या कॅमेऱ्याच्या उपग्रहाची साधी प्रतिमा शेजारी उघडी ठेवा.

भारत आणि अमेरिकेचा निसार हा रडार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटाहून अवकाशात गेला. त्याची एक लहर सुमारे २४ सेंटिमीटरची आहे. सेंटिनलला जे खडबडीत वाटतं ते तिला गुळगुळीत वाटेल. त्यामुळे दोघांची तीव्रता एका आलेखात जोडू नका. पण झुडपांतून आणि पिकांतून ती लहर अधिक खोल जाते, म्हणून वेडी बाभूळ माजलेल्या जुन्या बांधांच्या उतारांवर तिचा कोहेरन्स टिकण्याची शक्यता खूप जास्त. मला या उपग्रहाकडून खरी आशा आहे ती याच कामासाठी.

"किती साचलं" याचं उत्तर वेगळ्या वाटेने मिळतं. त्यासाठी दोन काळांतले उंचीचे नकाशे वजा करावे लागतात. मोफत मिळणाऱ्यांपैकी जुना नकाशा एसआरटीएमचा, फेब्रुवारी २००० मध्ये शटलवरच्या रडारने अकरा दिवसांत घेतलेला. नवा युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमाचा, ३० मीटर पिक्सेलचा, जो जर्मनीच्या टॅनडेम-एक्स जोडीने मुख्यतः २०१० ते २०१५ या काळात घेतलेल्या डेटावर उभा आहे. दोघांचा शून्य एक नाही. समुद्रसपाटीची जी गणिती पृष्ठं धरली आहेत ती दोन नकाशांत वेगवेगळी आहेत, आधी ती एक करून घ्या. मग आजूबाजूच्या न बदललेल्या जमिनीवर, म्हणजे उघड्या खडकावर आणि मुरमाच्या माळावर, वजाबाकी शून्य येते का ते पाहा. येणार नाही. जो फरक उरेल तो काढून टाका आणि मगच तळ्याकडे वळा. या पायरीचा कंटाळा करू नका. तळं एक चौरस किलोमीटरचं असेल आणि सरसकट दोन मीटरची चूक राहिली, तर तुमचं घनफळ २० लाख घनमीटरने चुकतं. एवढ्या चुकीवर कुणावर आरोप करता येत नाही आणि कुणाला निर्दोषही म्हणता येत नाही.

दुसरा सापळा असा. या दोन्ही नकाशांत पाण्याचे साठे मुद्दाम सपाट केलेले असतात. राखेच्या तळ्याचा एखादा भाग पाणी म्हणून धरला गेला असेल, तर तिथली उंची मोजलेली नसून भरलेली असते. नकाशासोबत येणारा पाण्याचा मुखवटा उघडून पाहा आणि तेवढा भाग हिशेबातून वगळा. अलीकडच्या वर्षांसाठी आइससॅट-२ या अमेरिकी उपग्रहाच्या लेसरच्या रेघा कामी येतात. २०१८ पासूनच्या त्या रेघा सगळीकडून जात नाहीत, पण एखादी तळ्यावरून गेली असेल तर तेवढ्या पट्टीवर उंचीची पडताळणी होते. घनमीटरांचे टन करायचे असतील तर घनता लागेल, आणि ती जागेवरचा नमुना घेतल्याशिवाय कळत नाही.

राखेच्या बाबतीत आणखी एक लक्षात ठेवा. ती साचते तशी उचललीही जाते. वीट, सिमेंट, रस्त्याचा भराव यांसाठी तळ्यातून राख जाते, आणि डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने सगळी राख वापरात आणण्याचं बंधन घातल्यापासून हे अधिकच खरं आहे. पोकलेनने उकरलेली जागा आणि पाइपने भरलेली जागा कोहेरन्समध्ये सारखीच काळी दिसते. तुमच्या नकाशावर "साठा वाढला" असं लिहू नका, "पृष्ठभाग बदलला" असं लिहा. वाढला की घटला हे उंचीच सांगेल.

आता शेवटचा प्रश्न, बांध फुटण्याचा. हा प्रश्न तुम्ही विचारलात याचं मला बरं वाटलं. तळ्याखालच्या शिवारात राहणाऱ्यांचा खरा प्रश्न हाच असतो.

२५ जानेवारी २०१९ रोजी ब्राझीलमध्ये ब्रुमाजिन्योला लोहखाणीच्या गाळाचा ८६ मीटर उंचीचा बांध काही सेकंदांत वितळल्यासारखा खाली आला आणि २७० माणसं गेली. नंतर अनेकांनी सेंटिनल-१ च्या जुन्या प्रतिमा काढून पाहिल्या. बांध आधीपासून वर्षाला काही सेंटिमीटरच्या वेगाने खचत होता हे दिसलं. काहींना शेवटच्या काळात वेग वाढल्याचं दिसलं, काहींच्या मते ती हालचाल पावसाळ्यातल्या नेहमीच्या हालचालीपेक्षा वेगळी ओळखू येण्याजोगी नव्हती. प्रतिमा त्याच, पद्धती वेगळ्या, निष्कर्ष वेगळे. आपल्या देशातही सिंगरौली भागात ऑगस्ट २०१९ ते एप्रिल २०२० या काळात तीन राख तळ्यांचे बांध फुटले. म्हणून मी कुणालाही असं सांगत नाही की रडार आधी कळवेल. बारा दिवसांनी एकदा पाहणारं यंत्र सेकंदांत घडणाऱ्या गोष्टीचा पहारेकरी होऊ शकत नाही.

पण बांध वर्षानुवर्षं कुठे खचतोय, कोणता भाग बाकीच्यांपेक्षा वेगळा वागतोय, हे ते दाखवतं, आणि इथे तुमचा इंटरफेरोग्राम कामाला येतो. तळं सोडून द्या, बांधाचा माथा आणि बाहेरचा दगडी उतार पाहा. तिथे कुणी राख टाकत नाही, दगड हलत नाहीत, वर्षभराच्या मालिकेत दर फेरीला जुळणाऱ्या बिंदूंची चांगली माळ मिळते. ज्याच्या तुलनेत हालचाल मोजायची तो स्थिर संदर्भबिंदू काळ्या मातीवर घेऊ नका. सातपुड्याच्या पायथ्याच्या गाळाच्या पट्ट्यातही नको, तिथे विहिरी-बोअरची पाणीपातळी खाली गेल्याने जमीन स्वतःच बसू शकते. उघडा बेसॉल्ट शोधा. तापीचं खोरं सातपुडा आणि अजिंठ्याच्या डोंगरांच्या मध्ये सापडलेलं आहे. पावसाळ्यात इथली दमट हवा लहरीला काही सेंटिमीटरचा खोटा उशीर करते, म्हणून एका जोडीवर भरवसा ठेवू नका.

आणि एक गोष्ट लेखांत क्वचितच ठळकपणे लिहितात. हे उपग्रह जवळजवळ दक्षिणोत्तर फिरतात आणि बाजूला, पूर्व-पश्चिमेकडे पाहतात. उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे तोंड असलेला उतार बाहेर सरकला, तर ती आडवी सरकण त्यांना जवळपास दिसतच नाही. तुमच्या बांधाच्या चारही बाजूंची दिशा वहीत काढा आणि कोणत्या बाजूबद्दल तुम्ही काही बोलूच शकत नाही ते आधी लिहून ठेवा.

कुठे वेगळी हालचाल दिसली तर ती व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. गावात घबराट होते, आणि पुढच्या वेळी खरं काही असलं तरी कुणी ऐकत नाही. आधी मार्गदर्शकांना दाखवा, मग लेखी स्वरूपात, तारखा आणि त्रुटींसह, केंद्राच्या स्थापत्य विभागाकडे आणि जिल्हाधिकारी कार्यालयातल्या आपत्ती व्यवस्थापनाकडे द्या. पोच घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही तर पुन्हा द्या.

जागेवर जायची परवानगी मिळाली तर एप्रिल-मेमध्ये जा, उपग्रहाच्या फेरीच्या दिवशी. सेंटिनल-१ ची उतरती, म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारी, फेरी आपल्यावरून सकाळी सहाच्या सुमारास जाते, त्याच वेळी तिथे उभ्या राहा. बांधाच्या बाहेरच्या पायथ्याने चाला. भर उन्हाळ्यात कुठे पाणकणीस हिरवं उभं असेल तर तिथे झिरपणीचं पाणी आहे, जीपीएसवर ती जागा टिपा आणि रडारवर तोच ठिपका दर आखाजीला रुंदावतोय का ते पाहा. तिथे शेळ्या चारणारं कुणी म्हातारं माणूस भेटेलच. बांध कोणत्या साली चढवला, पाइप आधी कुठल्या बाजूला होता, कोणत्या पावसाळ्यात पाणी वरून गेलं, हे त्या बाबांना विचारा. लग्न, दुष्काळ, पूर यांच्या हिशेबाने ते साल सांगतील. ते लिहून घ्या आणि तुमच्या कोहेरन्सच्या नकाशावर त्या साली काय दिसतं ते घरी येऊन पाहा.